मुलगा सोडून सगळे तयार

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात पहिला नंबर फ्लेक्सवाल्याचा येतो. चौकाचौकात ‘गुणवंतांचा भव्य सत्कार व मोफत करिअर मार्गदर्शन शिबिर’ झळकू लागतं. फ्लेक्सवर सोळा चेहरे, त्यांतला एकही दहावीचा नाही. साहेब सर्वांत मोठे, त्यांच्या खांद्यापाशी युवराज, तळाला ओळीनं कार्यकर्ते. ‘गुणवंत’ ही अक्षरं बरोबर साहेबांच्या हनुवटीखाली. परगावचा माणूस पेढे घेऊन त्यांच्याच घरी जायचा.

शिबिर मंगल कार्यालयात. वेळ सकाळी दहाची, साहेब साडेबाराला. तोवर मुलं गुणपत्रिकेच्या झेरॉक्सनं वारा घेत बसलेली. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आणि सत्कार: गुलाबाचं फूल, प्लॅस्टिकची ट्रॉफी आणि साहेबांचा फोटो छापलेली रेक्झिनची फाईल. साहेब भाषणात सांगतात की ते स्वतः अभ्यासात यथातथाच होते. दिवसभरातल्या सगळ्यांत जोरदार टाळ्या त्या वाक्याला पडतात. मार्गदर्शनाला बोलावलेले प्राध्यापक उभे राहतात तेव्हा भटारखान्यातून मसालेभाताचा वास सुटलेला असतो. त्यांनी चाळीस स्लाइड करून आणलेल्या. ‘दहावीनंतर काय?’ ही दुसरीच स्लाइड पडद्यावर असताना सूत्रसंचालक चिठ्ठी पुढं सरकवतो. दहावीनंतर काय? तर मसालेभात.

सांगायचं एवढंच की प्रवेशासाठी मदत करणाऱ्यांची या राज्यात ददात नाही. साहेब आहेत, क्लासवाले आहेत, तासावर पैसे घेणारे समुपदेशक आहेत, नेटकॅफेवाला आहे, ‘आमच्या वेळी’पासून सुरुवात करणारे मामा आहेत आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, जिथं २०१९ सालची कटऑफ यादी दर जूनला ‘आत्ताच आली’ म्हणून फिरते. एवढ्या गर्दीत ज्याचा प्रवेश व्हायचाय तो कुठं दिसत नाही. तो आत खोलीत असतो. त्याला बाहेर बोलावतात ते फोटोपुरतं आणि सहीपुरतं.

आधी हिशेब बघू. २०२५ मध्ये दहावीचा निकाल लागला ९४.१० टक्के. नियमित विद्यार्थ्यांपैकी साडेचौदा लाखांच्या वर पास झाले. अकरावीच्या जागा राज्यात २१ लाखांहून जास्त. म्हणजे प्रत्येक पोराला एकेक जागा वाटून वर सहा लाखांवर जागा उरतात. रेशनच्या दुकानातही असा हिशेब कधी लागत नाही. तरी जून महिन्यात घरोघरी देव पाण्यात. कारण जागा २१ लाख असल्या तरी हव्यात त्या प्रत्येक शहरातल्या त्याच पाच-सात कॉलेजांतल्या, त्यातही विज्ञान शाखेच्या, त्यातही मावसबहीण जिथं गेली तिथल्या. बाकीच्या लाखो जागा कुणी बघायलाही जात नाही. एखादं कॉलेज वाईट आहे हे लोकांना कसं कळतं? तिथं प्रवेश मिळतो यावरून.

त्याच निकालात २११ मुलांना १०० टक्के पडले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. बेस्ट ऑफ फाइव्ह, वर चित्रकलेचे, खेळाचे, लोककलेचे सवलतीचे गुण, हे सगळं नियमात बसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पोरांनी मेहनत केली, तिला नमस्कार. फक्त शंभरपैकी शंभर मिळालेला मुलगा अकरावीत जाऊन आणखी काय शिकणार, अशी शंका येते. काळजीचं कारण नाही. अकरावीत तो जाणारच नाहीये.

तो ‘इंटिग्रेटेड’ला जाणार आहे. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नाव एका कॉलेजात घालायचं, बसायचं क्लासमध्ये, आणि कॉलेजचं तोंड बघायचं ते प्रात्यक्षिक परीक्षेला. क्लास आणि कॉलेज यांच्यात ‘टायअप’ असतं. सोयरीक म्हणायला हरकत नाही, हुंडा मुलाचे आईबाप देतात. दोन वर्षं ज्या कॉलेजचा तो विद्यार्थी असतो त्याचा रस्ता त्याला रिक्षावाल्याला विचारावा लागतो. २०१८ साली सरकारनं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. यंत्रं आली, मुलं क्लासमध्येच राहिली. २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलाला घेऊ नका, रँकची हमी देऊ नका. आठवीच्या बॅचचं नाव आधीपासूनच ‘फाउंडेशन’ होतं, ते तसंच राहिलं. पाया घालायला वयाची अट कशाला?

म्हणजे बघा, ज्या अकरावीच्या जागेसाठी बाप रजा टाकतो, आई गुरुवार धरते आणि शेजारपाजाऱ्यांशी बोलणं बंद होतं, त्या जागेवर नंतर कुणी बसतच नाही. बाकं कोरी करकरीत. त्यांच्यावर कुणी कर्कटकानं नावसुद्धा कोरत नाही. शिक्षणाचं एवढं नुकसान मोबाइलनंही केलेलं नसेल.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश आधी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरते होते. २०२५ पासून ते साऱ्या राज्याला लागू झाले. लोकांना सवय व्हावी म्हणून आधी दोन दिवस सराव ठेवला, १९ आणि २० मे. पोरांनी सराव केला, पालकांनी केला, मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून केला. २१ मेला खरा अर्ज भरायचा, तर संकेतस्थळानं मान टाकली. अखेर २६ मेपासून सगळं नव्यानं. सराव सगळ्यांचा झाला होता, वेबसाइटचा तेवढा राहून गेला.

अशा वेळी खरा प्रवेशगुरू कामाला येतो. तो एसटी स्टँडसमोर बसतो. पाटी असते ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, सातबारा, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म’. शिक्षण उपसंचालकांना जे परिपत्रक शुक्रवारी कळतं ते याला गुरुवारी रात्री कळलेलं असतं. त्याच्यापाशी दोनशे पानी वही आहे. तीत गावातल्या निम्म्या पोरांची नावं, नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड लिहिलेले. पासवर्ड लक्षात ठेवायची भानगड नाही, सगळ्यांचे एकाच धर्तीचे: मुलाचं नाव, पुढं अ‍ॅट, पुढं एकदोनतीन.

लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाप बसलेला. त्याच्या मागं फाईल धरून मुलगी उभी, कारण दुसरी खुर्ची नाही. ‘बोला, एक नंबरला काय टाकू?’ हा प्रश्न बापाला. ‘आमच्या सायबांचा पोरगा जिथं आहे ते टाका.’ ‘शाखा?’ ‘सायन्सच की. ती काय विचारायची गोष्ट हाय?’ मुलगी म्हणते, ‘पप्पा, मला…’ ‘थांब जरा, ओटीपी आलाय.’ बाप चष्मा कपाळावर ढकलून सहा आकडे मोठ्यानं वाचतो, रांगेतले चार जण ते ऐकतात, आणि मुलीच्या आयुष्याचा पहिला अर्ज ‘सबमिट’ होतो. मुलगी सोळा वर्षांची आहे. दोन वर्षांनी ती मतदान करणार आहे. तिच्या अर्जाचा पासवर्ड नेटकॅफेवाल्याला माहीत आहे, बापाला माहीत आहे, रांगेतल्या चौघांनाही अंदाज आहे.

आता या पसंतिक्रमाचं गणित. अकरावीला कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० कॉलेजं लिहिता येतात. काही स्वाभिमानी घराणी एकच लिहितात, ‘मिळालं तर हेच’ या बाण्यानं. मग ते मिळत नाही, आणि बाणा घेऊन दुसऱ्या फेरीच्या रांगेत उभं राहावं लागतं. दुसरे धोरणी. ते आवडीचं कॉलेज खाली आणि ‘मिळेल असं’ कॉलेज वर टाकतात. वरचं टाकून संधी वाया कशाला घालवा, हा हिशेब. तो साफ उलटा आहे. यंत्र गुणवत्ता यादीतल्या एकेकाला घेतं, त्याची यादी वरून खाली वाचतं आणि जिथं जागा बसते तिथं थांबतं. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. उलट पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ज्या कॉलेजात खरोखर जायचंय तेच पहिलं लिहायचं, मग त्याखालोखाल आवडतं ते, आणि शेवटचे दोन-तीन खात्रीचे. संपलं. एवढं समजायला समुपदेशक लागत नाही. अडचण अशी आहे की ‘कुठं जायचंय’ हे ज्याला विचारायचं तो खोलीत आहे.

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या फेऱ्यांना पर्याय ३०० पर्यंत लिहिता येतात. तीनशे म्हटल्यावर बापमाणूस घाबरतो, आणि घाबरलेला बाप दिसला की समुपदेशक प्रकट होतो. तो ‘पर्सनलाइज्ड’ यादी देतो. तीनशे ओळींची पीडीएफ, वर सोनेरी बॉर्डर, त्यात मुलाचं नाव. नाव खोडलं की खालची यादी शेजारच्या मुलालाही चालते. त्यातला जो माल आहे, म्हणजे मागच्या वर्षांचे कटऑफ, तो प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट पडलेला असतो. २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, तर जागा आपोआप गोठते. म्हणजे यादीतल्या वरच्या सहा ओळींवर मुलानं स्वतः रात्रभर विचार करायला हवा. उरलेल्या दोनशे चौऱ्याण्णव सोनेरी बॉर्डरवाल्याला लखलाभ.

पर्सेंटाइल हे दुसरं प्रकरण. सीईटीत भाच्याला ९० पडले की आत्या पेढे मागते आणि भाचा दार लावून घेतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. आत्याला नव्वद हे गुण वाटतात. ते गुण नाहीत. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले दहा तुझ्या पुढं आहेत. २०२५ ला पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित, गटाची परीक्षा चार लाखांवर मुलांनी दिली. म्हणजे ९० वाल्याच्या पुढं चाळीस हजार डोकी, ९९ वाल्याच्याही पुढं चार हजार. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कॉम्प्युटर शाखेसाठीची मारामारी ९९ च्या पुढल्या दशांशात चालते. आत्याला हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतील. पण ती पाच मिनिटं आत्याला द्यायची सोडून घरातले सगळे ‘नव्वद सांगू नका, पंच्याण्णवच्या आसपास म्हणा’ या तयारीत गुंतलेले.

त्याच सीईटीत २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्राला गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकलेले निघाले. सुमारे २७ हजार मुलांना ५ मेला पुन्हा बसवलं. दोन वर्षं मुलांना शिकवलेलं असतं, चारांतला बरोबर पर्याय पटकन हेरा, ऐंशी सेकंदांच्या आत. चारांत बरोबर पर्यायच नसेल तर काय करायचं, हे काही क्लासच्या नोट्समध्ये नव्हतं. खरं तर आयुष्याच्या तयारीचा एवढाच प्रश्न त्या पेपरात होता. तो रद्द झाला.

पीसीएम घ्या नाहीतर पीसीबी, आपल्याकडं चौथा विषय हायकोर्ट. २००८ ला अकरावीसाठी पर्सेंटाइलचं सूत्र आलं, ते उच्च न्यायालयात पडलं. २००९ ला राज्य मंडळाच्या मुलांना ९० टक्के जागा आणि इतर मंडळांना १०, असं ठरलं. तेही पडलं. २०१० ला बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, उच्च न्यायालयात पडलं आणि दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जाऊन उभं राहिलं. २०२१ ला, करोनात दहावीची परीक्षाच झाली नाही म्हणून, अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी ठरली. १० ऑगस्टला न्यायालयानं तीही रद्द केली. अकरा दिवस आधी! ज्यांनी मन लावून त्या सीईटीची तयारी केली त्यांचं काय झालं, हे विचारायला कुणी शिबिर घेतलं नाही. ज्यांनी केली नाही ते मात्र तेव्हापासून ‘शेवटपर्यंत वाट बघायची’ या तत्त्वावर जगताहेत, आणि बरं चाललंय म्हणतात.

मुलाला नक्की काय आवडतं हे शोधून काढायचा सरकारी प्रयत्नही झालेला आहे. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. सात क्षेत्रं: कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. कल्पना वाईट नव्हती. पण कल निघाला तरी तो घरी नेऊन दाखवायचा होता. ललित कला निघाला तर शेजाऱ्यांना सांगायचं नाही. कृषी निघाला तर बाप म्हणणार, ‘मी आयुष्यभर काय केलं मग? त्यासाठी चाचणी लागते?’ वाणिज्य निघाला की आजोबा समजूत घालणार, ‘जाऊ दे, पुढच्या वेळी चांगला येईल.’ एवढं झाल्यावर अहवाल गुणपत्रिकेच्या मागं घडी करून जायचा आणि पोरगं सायन्सला.

सरकारी कल फुकट होता म्हणून त्याला किंमत नव्हती. आता बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा नकाशा काढून देणारे आलेत. दहा बोटं यंत्रावर ठेवायची, आठ दिवसांनी गुळगुळीत कागदावर साठ पानी पुस्तक येतं: डावा मेंदू इतका, उजवा तितका, नेतृत्वगुण भरपूर. नेतृत्वगुण सगळ्यांनाच भरपूर निघतात, फ्लेक्स कुणी लावायचे हा प्रश्न सुटत नाही. शास्त्र म्हणाल तर याला कुडमुड्या जोशाहून जास्त आधार नाही. जोशी निदान दारात येतो आणि पसाभर धान्यावर भागवतो. शिकलेसवरलेले आईबाप हे विकत का घेतात, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. ठसे घेताना मुलाशी बोलावं लागत नाही, हेच कारण असणार.

वरच्या मजल्यावरच्या मंडळींचं प्रकरण निराळं. त्यांना मुंबई-पुण्यात नाही, बोस्टनच्या आसपास प्रवेश हवा असतो. तिथं निबंध मागतात, स्वतःविषयी. आली पंचाईत. मग नववीपासून ‘प्रोफाइल’ बांधायला घेतात. सुट्टीत एक दिवस जव्हारकडच्या पाड्यावर वातानुकूलित बसनं जायचं, पोरांना खडू वाटायचे, दहा फोटो काढायचे, आणि ‘तो दिवस, ज्यानं माझं आयुष्य बदललं’ असा निबंध कन्सल्टंटकडून लिहून घ्यायचा. आयुष्य सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात बदलतं, मध्ये डबा खायची सुट्टी. पाड्यावरच्या पोरांनाही आता अकरावीचा अर्ज ऑनलाइनच भरायचाय आणि मोबाइलची रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते, हे निबंधात कुठं येत नाही. शब्दमर्यादा असते.

असो. एवढ्या सगळ्या मदतगारांमध्ये मला एकच माणूस कामाचा भेटला. एका तालुक्याच्या गावी शाळेच्या ऑफिसात त्या लिपिक आहेत. सगळे बाई म्हणतात, करिअरच्या व्यासपीठावर त्यांना कुणी कधी बोलावलेलं नाही. त्यांचं मार्गदर्शन शिबिर डिसेंबरात भरतं, ऑफिसासमोरच्या व्हरांड्यात, टोकदार पेन्सिल घेऊन. दहावीचा एकेक मुलगा आपली कागदं घेऊन येतो. आधार कार्ड, शाळेच्या रजिस्टरातली नोंद, जातीचा दाखला. बाई नावांवरून पेन्सिल फिरवतात. आधारवर ‘सिद्धी’, रजिस्टरला ‘सिध्दी’. दिसायला एकच, पण इंग्रजीत कुणी एक एच लिहिलाय, कुणी दोन. आईचं नाव एका कागदावर सासरचं, एकावर माहेरचं. जन्मतारीख एकीकडं १ जून, कारण गुरुजींनी ज्याची तारीख माहीत नाही त्याला सरसकट १ जून लिहिली. ही गफलत डिसेंबरात सापडली तर मुख्याध्यापकांच्या सहीनं, फार तर आधार केंद्राच्या एका खेपेत निस्तरते. दहावीचं प्रमाणपत्र छापून हातात आलं की तीच मंडळाच्या विभागीय कार्यालयापर्यंत पळवते, आणि प्रवेशाची फेरी काही तिच्यासाठी थांबत नाही.

मग दाखले. अधिवासाचा, उत्पन्नाचा, ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा’. या शेवटच्यावर ३१ मार्चची मुदत छापलेली असते. ती कुठल्या सालची, हे लोक जूनमध्ये खिडकीपाशी उभं राहिल्यावर बघतात. बाई हे फळ्यावर लिहितात आणि मुलांना सांगतात, अर्ज तुम्हीच लिहायचा, ‘मा. तहसीलदार साहेब यांस’पासून. रांगेत तुम्हीच उभं राहायचं, पावती तुम्हीच मागून घ्यायची आणि पावतीचा नंबर वहीत उतरवायचा. जातपडताळणीची फाईल बारावीत गेल्यावर कुठं टाकायची, तेही आत्ताच लिहून ठेवायचं. पहिल्या वर्षी निम्मी पोरं परत आली, ‘खिडकीवाले साहेब मोठ्या माणसाला घेऊन ये म्हणाले’. बाईंनी त्यांना पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला खिडकीवाल्या साहेबांनाच पोरांची सवय झाली.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा उरकल्या की बाई एका वर्गात मुलांना बसवतात आणि मागल्या वर्षीच्या अर्जाची झेरॉक्स वाटतात. दहा रकाने. पालक व्हरांड्यात, दार लोटलेलं. प्रत्येक कॉलेजपुढं तीन गोष्टी लिहायच्या: घरापासून किती किलोमीटर, पहिली एसटी किती वाजता, आणि मागल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती टक्क्यांवर झाला. तिसरी गोष्ट भरता आली नाही तर ऑफिसातल्या संगणकावर येऊन शोधायचं. अर्ध्या तासात भलभलत्या गोष्टी बाहेर येतात. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला आर्ट्सला जायचंय आणि पुढं कायदा करायचाय, हे तिच्या आईला त्या दिवशी कळतं. एका पोरानं कॉलेजची यादी कोरी ठेवून खाली लिहिलं, ‘आयटीआय, इलेक्ट्रिशियन’, आणि शेजारी किलोमीटर, एसटीची वेळ आणि कटऑफसुद्धा. कटऑफ बघून बाईंचे डोळे मोठे झाले, कारण तो शेजारच्या सायन्स कॉलेजपेक्षा वर होता.

त्या पोराचा बाप दार ढकलून आत आला. गाडीची किल्ली बोटात फिरत होती. ‘बाई, ह्यांना काय कळतंय? सोळा वर्षांची पोरं. फॉर्म आम्ही भरतो की. आयटीआय काय लावलंय?’

बाईंनी त्याच्यापुढं पोराची फाईल उघडली. बापाच्या नावाखाली पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या. आधारवर बाळू, शाळेच्या रजिस्टरला बाळासाहेब, रेशनकार्डावर बाळकृष्ण.

‘तुम्ही आधी तुमचं एक नाव ठरवून या,’ बाई म्हणाल्या. ‘त्याचं त्यानं सगळं केलंय.’